धन्य रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांची चित्रभेट

हिंगोली जिल्ह्यांतील आपल्या घरांत प्रभूचें अथवा पवित्र मरियामातेचें छापील चित्र भक्तिभावानें लाविलेलें असतें. अशीं छापील पवित्र चित्रें सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं मोगल दरबारीं नेलीं, त्या धन्य रुडॉल्फ अक्वाविवा यांचें अल्पचरित्र या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांस सादर करितों.

इटलींतील आत्री येथील ड्यूकांच्या कुळांत १५५० सालीं त्यांचा जन्म झाला. घरचें वैभव त्यागून १५६८ सालीं त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला व १५७८ सालीं गुरुदीक्षा घेऊन ते गोव्यास आले. पुढच्याच वर्षीं सम्राट अकबरानें ख्रिस्ती धर्म समजून घेण्यासाठीं गोव्याहून विद्वान धर्मगुरु मागविले, तेव्हां अवघ्या २९ वर्षांच्या रुडॉल्फ यांस त्या मंडळीचे प्रमुख नेमण्यांत आलें.

फेब्रुवारी १५८० मध्यें ते फत्तेपूर शिक्रीस पोंचले. अँटवर्प येथें छापलेलें आठ खंडांचें बहुभाषी पवित्र शास्त्र त्यांनीं बादशहास अर्पण केलें. बादशहानेंही त्याचे खंड मस्तकीं धरून त्यांचें चुंबन घेतलें. त्यांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं चित्रें होतीं. एकांत सिंह व बैल, लांडगा व कोकरूं हीं यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीप्रमाणें एकत्र नांदत आहेत. रंगाचा स्पर्शही नसतां केवळ बारीक रेषांनीं छायाप्रकाश साधण्याची ही कला दरबारच्या चिताऱ्यांस फार आवडली. केसूदास व बसावन यांनीं त्या चित्रांवरून आपलीं चित्रें काढिलीं. पुढें १५९३ सालीं बरोक कलेच्या उषःकालीं, फादर नादाल यांचा १५३ कोरीव चित्रांचा शुभवर्तमानविषयक ग्रंथ अँटवर्प येथें निघाला. तोही त्याच दरबारीं पोंचला.

बादशहानें मात्र बाप्तिस्मा घेतला नाहीं. रुडॉल्फ खिन्न मनानें १५८३ सालीं गोव्यास परतले. त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं सासष्टींतील कुंकळ्ळी येथें चार संघबंधु व कित्येक ख्रिस्तीजन यांसह त्यांचा वध झाला. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडल्यामुळें तेथील गांवकरी संतापले होते, हें सत्य लपवून त्यांचें चरित्र सांगणें आम्हांस उचित वाटत नाहीं. १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें.

बळाच्या वापरानें कुंकळ्ळींत वैर वाढलें. शिक्रींत तर प्रेमानें दाखविलेलें चित्र परधर्मीय चिताऱ्यांनीं आपण होऊन उतरून घेतलें. आपल्या शेजाऱ्यांपुढें ख्रिस्ताचें चित्र आपल्या आचरणांतून असेंच प्रेमानें ठेवण्याची कृपा आपणां सर्वांस लाभो, अशी आम्ही प्रभुचरणीं प्रार्थना करितों.