निशाणाच्या पलीकडे पाहणारी अ‍ॅनी

जत्रेत फुग्यांवर बंदूक रोखणाऱ्या पोराला सगळे एकच विचारतात, लागला का? मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. छरा पुढे कुठे गेला? हा प्रश्न मनात ठेवून अमेरिकेतल्या अ‍ॅनी ओकलेचे चरित्र वाचले, की नेमबाजीची निराळीच बाजू दिसू लागते.

१३ ऑगस्ट १८६० रोजी ओहायो राज्यातल्या डार्क परगण्यात तिचा जन्म झाला. मूळ नाव फीबी अ‍ॅन. ती लहान असतानाच वडील गेले. घरी अठराविश्वे दारिद्र्य. काही काळ तिला परगण्याच्या गरीबखान्यात काढावा लागला. तिने बंदूक हाती धरली ती हौसेने नव्हे, घरची चूल पेटावी म्हणून. रानातली शिकार विकून तिने आईच्या घरावरचे कर्ज फेडले.

पुढे फ्रँक बटलर या नामांकित नेमबाजाला तिने सामन्यात हरवले. हरलेल्या गड्याने तिच्याशीच लग्न केले आणि स्वतः मागे सरून तिचा कारभार सांभाळला! १८८५ मध्ये ती बफेलो बिलच्या खेळात दाखल झाली. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तिने लंडनकरांनाही जिंकले. फ्रँकच्या ओठांतली सिगारेट ती गोळीने उडवी. या खेळाची नक्कल कुणीही, कधीही करू नये.

त्या काळी हवेत उडवलेले काचेचे गोळे फोडत. पण गोळा फुटला की काचा मैदानभर पसरत. १८८० च्या सुमारास भाजलेल्या मातीच्या तबकड्या आल्या आणि काच मागे पडली. प्रेक्षकांनी वेढलेल्या रिंगणातून वर झाडलेली गोळी दूर वस्तीत जाऊन पडायची. म्हणून बफेलो बिलच्या खेळात उडत्या निशाणांसाठी काडतुसात बारीक छरे भरत. त्यांचा जोर थोड्याच अंतरात ओसरतो.

आजच्या पोलादी निशाणांनाही हाच विचार लागू पडतो. नेम लागताच खणकन आवाज येतो, म्हणून ती सरावाला आवडतात. पण शिशाची गोळी पोलादावर आपटली की तिचा चुरा होतो आणि तो चौफेर, कधी उलट नेमबाजाकडेही उडतो. यासाठी पत्रा टणक पोलादाचा आणि सपाट हवा. खड्डे पडलेला किंवा वाकलेला पत्रा बाद करावा. तो किंचित पुढे झुकवला की चुरा जमिनीकडे जातो. पिस्तुलासाठी किमान ९ मीटर अंतर ठेवतात, रायफलीसाठी त्याच्या कितीतरी पट. पोलादी गाभ्याची गोळी वर्ज्य. निशाणामागे मातीचा उंच बांध हवा. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना संरक्षण नेमबाजाइतकेच पाहणाऱ्यालाही हवे.

अ‍ॅनीने हजारो स्त्रियांना नेमबाजी शिकवली. १९२२ मध्ये, साठी ओलांडल्यावरही, तिने १६ यार्डांवरून ओळीने १०० तबकड्या फोडल्या. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ती गेली आणि अठरा दिवसांनी फ्रँकही गेला.

घरातल्या मुलीने नेमबाजी शिकण्याचा हट्ट धरला, तर जरूर पाठवा. मात्र पहिल्याच दिवशी तिच्याबरोबर जा आणि प्रशिक्षकांना विचारा, इथली गोळी पुढे कुठे जाते? नीट उत्तर मिळाले, तरच नाव नोंदवा.