ऑटिझमसाठी आईला दोष देणे कोणी थांबवले? कोण होते बर्नार्ड रिमलँड?

इचलकरंजी : मूल उशिरा बोलले, नजरेला नजर देत नसले, की पहिले बोट आईकडेच जाते. हा दोष चुकीचा असल्याचे एका मानसशास्त्रज्ञ बापाने १९६४ मध्येच मांडले होते.

मुलापासून सुरुवात
बर्नार्ड रिमलँड यांचा जन्म १९२८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडचा. पुढे ते नौदलात मानसशास्त्रज्ञ झाले. १९५६ मध्ये मुलगा मार्क जन्मला. तो सतत रडायचा, कुशीतही शांत होत नसे. पीएचडी असूनही रिमलँड यांना ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता हा शब्द ठाऊक नव्हता. पत्नी ग्लोरिया यांना कॉलेजच्या पुस्तकातील वर्णन आठवले आणि उलगडा झाला.

पुस्तकाने काय बदलले?
आईची माया कोरडी असल्याने ऑटिझम होतो, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानत. रिमलँड यांनी नोकरी सांभाळून उपलब्ध संशोधन पिंजून काढले. कारण संगोपनात नाही, शरीरात आहे, असे त्यांनी ‘इन्फंटाइल ऑटिझम’मध्ये मांडले. १९४३ मध्ये ऑटिझमचे वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांनीच प्रस्तावना लिहिली. १९६५ मध्ये रिमलँड यांच्या पुढाकाराने पालकांची संघटना उभी राहिली.

वाद कोणता?
पुढे त्यांनी लसींमुळे ऑटिझम होत असल्याचा दावा उचलून धरला. मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?
भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. लक्षणे दिसल्यास आईला जाब विचारण्यात वेळ घालवू नका, मुलाची तपासणी करून घ्या. लसीही चुकवू नका.