न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

तालुक्याच्या न्यायालयावर बुलढाण्याचे जिल्हा न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि सर्वांवर सर्वोच्च न्यायालय, अशी आपली न्यायव्यवस्था आहे. खाली न मिळालेली दाद वर मागता येते. पण वर बसणारा न्यायाधीश कसा असावा? त्यासाठी बद्रुद्दीन तय्यबजींचे चरित्र पाहा.

१८४४ साली जन्मलेले बद्रुद्दीन विलायतेत शिकून १८६७ मध्ये मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. समाज शिकावा म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८७ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष व १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. उच्च न्यायालयानेही आधी जामीन नाकारला होता. बॅरिस्टर दावर यांनी तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. सरकारचा विरोध होता. तरीही, आरोपी सुनावणीस हजर राहील ना आणि त्याला बचावाची तयारी करता येईल ना, एवढेच पाहून तय्यबजींनी जामीन दिला. पुढे टिळकांना शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायाधीशापुढे.

१९०८ मध्ये तेच दावर न्यायाधीश होते. त्यांनी टिळकांना जामीन नाकारला! न्यायासनावर बसल्यावरच माणसाची खरी पारख होते, ती अशी.

तय्यबजी १९०६ मध्ये लंडनमध्ये निवर्तले. मुलांनो, कायदा अवश्य शिका. पण त्यासोबत त्यांचा निर्भयपणाही घ्या.