वॉशिंग्टनची परराष्ट्रनीति : वचनें थोडीं, पण खरीं

नव्यानें स्वतंत्र झालेल्या राष्ट्रास शत्रूपेक्षां मित्राचें भय कधीं कधीं अधिक असतें. शत्रूशीं कसें वागावें हें त्यास युद्धानें शिकविलेलें असतें. मित्राच्या उपकाराची फेड कोठवर करावी, हें मात्र कोणीच शिकविलेलें नसतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढें हा प्रश्न १७९३ सालीं उभा राहिला. जॉर्ज वॉशिंग्टननें तो कसा सोडविला, हेंच त्याच्या चरित्रांतील अत्यंत बोधप्रद प्रकरण होय, असें आम्हांस वाटतें.

वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजीं व्हर्जिनिया प्रांतीं झाला. अकराव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. सतराव्या वर्षीं तो जमिनीचा सरकारी मोजणीदार झाला. लहानपणीं चेरीचें झाड तोडून त्यानें बापापाशीं कबुली दिली, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. पण ती वीम्स नांवाच्या चरित्रकारानें त्याच्या मृत्यूनंतर प्रसृत केलेली असून तीस विश्वसनीय आधार नाहीं. त्याच्या सचोटीस अशा कल्पित दाखल्याची गरजही नाहीं.

१७७५ सालीं तो बंडखोर वसाहतींचा सेनापति झाला. १७७८ सालीं फ्रान्सनें त्यांच्याशीं दोस्तीचा तह केला. १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला, तो फ्रेंच आरमारानें त्याची समुद्राची वाट रोखल्यामुळेंच. लढाई संपतांच, १७८३ च्या डिसेंबरांत, वॉशिंग्टन सेनापतिपद काँग्रेसच्या स्वाधीन करून घरीं गेला. १७८९ सालीं तो पहिला अध्यक्ष झाला.

१७९३ च्या फेब्रुवारींत फ्रान्सनें इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलें. उपकारकर्त्याच्या बाजूनें शस्त्र उचलावें, असा एका पक्षाचा गलका झाला. ज्या राजाशीं तह झाला त्याचाच शिरच्छेद झाला, तेव्हां तह स्थगित समजावा, असा दुसऱ्या पक्षाचा सल्ला पडला. वॉशिंग्टननें दोन्ही मार्ग टाकले. तह राष्ट्राशीं झालेला आहे, म्हणून तो कायम धरून त्यानें फ्रेंच प्रजासत्ताकाचा वकील स्वीकारण्याचें ठरविलें. आणि २२ एप्रिल रोजीं, आपलें राष्ट्र उभय पक्षांशीं सारख्याच निःपक्षपातानें वागेल, असें जाहीर केलें. तहांत अमेरिकेकडील फ्रेंच मुलखाची हमी होती. युरोपांतील प्रत्येक लढाईंत उडी घेण्याचा करार नव्हता. पुढें तो वकील, झने, अमेरिकन बंदरांतून खाजगी लढाऊ जहाजें सज्ज करूं लागला, तेव्हां त्यास परत बोलवा, असें फ्रान्सला कळविण्यास वॉशिंग्टन कचरला नाहीं. इकडे इंग्रज अमेरिकन व्यापाऱ्यांचीं जहाजें पकडीत होते. लढाई टाळण्यासाठीं जॉन जे यानें १७९४ सालीं इंग्लंडशीं तह ठरविला. लोकांनीं जेच्या प्रतिमा जाळल्या. तरीही वॉशिंग्टननें लोकक्षोभ पत्करून १७९५ सालीं तो तह मान्य केला.

१९ सप्टेंबर १७९६ रोजीं फिलाडेल्फियाच्या एका दैनिकांत त्याचा निरोपाचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा इत्यर्थ असा : कोणत्याही राष्ट्राचा कायमचा द्वेष किंवा कायमचें प्रेम बाळगूं नये, केलेले करार प्रामाणिकपणें पाळावे, नवे वाढवूं नयेत, असाधारण प्रसंगीं तात्पुरती दोस्ती पुरे. या उपदेशाचें मर्म आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. जो सावकार सकारतां येतील तितक्याच हुंड्यांवर सही करतो, त्याचीच पत बाजारांत टिकते. सचोटी व सावधगिरी हे दोन गुण नव्हेत. एकाच गुणाचीं तीं दोन अंगें होत.

१४ डिसेंबर १७९९ रोजीं वॉशिंग्टन निवर्तला. स्वातंत्र्यासाठीं लढलेल्या या पुरुषाच्या शेतांवर शेंकडों गुलाम राबत होते, हा डाग झांकणें सचोटीच्या कथेस शोभणार नाहीं. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात् मुक्त करावें, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें, इतकेंच येथें नमूद करतों.

हा उपदेश परक्या देशाचा म्हणून दूर सारण्याचें आम्हांस कारण नाहीं. वॉशिंग्टनच्या मृत्यूस तीन वर्षें होतात न होतात तोंच, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावानें वसई येथें इंग्रजांशीं कायमच्या दोस्तीचा तह केला. गादी परत मिळावी म्हणून त्यानें इंग्रजी फौज पदरीं घेतली, तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि इतर दरबारांशीं स्वतंत्रपणें बोलणीं करण्याचा हक्कही सोडला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. ज्यास नाहीं म्हणण्याची सोय उरत नाहीं, त्याची दोस्ती ही दोस्ती नव्हेच. ती मुदत न घातलेली गुलामगिरी होय.