मक्याच्या शेतातील विदुषी : मिस बार्बरा मॅक्लिंटॉक

वारंगा फाट्याच्या आसपासच्या शिवारात ज्वारीचे कणीस न पाहिलेला विद्यार्थी विरळाच. हल्ली हळद व सोयाबीन यांनी पुष्कळ रान व्यापले आहे हे खरे, तथापि भाकरीचे धान्य म्हणजे ज्वारी हे समीकरण आमच्या भागातून गेलेले नाही. ही ज्वारी मक्याची जवळची आप्त. दोहोंच्याही पेशीत गुणसूत्रांच्या दहा-दहा जोड्या असतात. या सूक्ष्म सूत्रांत धान्याचा पूर्वेतिहास कसा साठविलेला आहे, हे ज्यांच्या परिश्रमाने जगास कळू लागले, त्या एका अमेरिकन विदुषीचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी झाला. वडील डॉक्टर होते. पुढे कुटुंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे राहावयास गेले व तेथेच बार्बराचे शालेय शिक्षण झाले. मुलगी कॉलेजात जाऊ इच्छिते असे दिसताच आईने विरोध केला. फार शिकलेल्या मुलीस वर मिळणे कठीण, ही त्या माउलीची चिंता. (ही चिंता केवळ आपल्याच देशातील आयांना असते, असा कोणाचा समज असल्यास तो त्यांनी सोडून द्यावा.) सुदैवाने महायुद्धातील लष्करी सेवा आटोपून वडील घरी परतले व त्यांनी मुलीची बाजू घेतली. १९१९ साली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषिमहाविद्यालयात दाखल झाली आणि १९२७ साली वनस्पतिशास्त्रातील डॉक्टर ही पदवी घेऊन बाहेर पडली.

त्या काळी मक्याच्या रोपांचा संकर करून गुणांचा हिशोब मांडणारे पंडित पुष्कळ होते. परंतु ते गुण ज्या गुणसूत्रांवर वसतात, ती गुणसूत्रे मक्यात कोणास नीट ओळखता येत नव्हती. मिस मॅक्लिंटॉक यांनी परागकोशातील कोवळ्या पेशी किरमिजी रंगाने रंगवून, काचेखाली हलकेच दाबून पसरविल्या व सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. १९२९ साली त्यांनी दहाही गुणसूत्रांची ओळख पटवून दिली. मेंढपाळ आपले प्रत्येक मेंढरू जसे ओळखतो, तसे त्या प्रत्येक गुणसूत्र ओळखीत : एकाची लांबी अधिक, दुसऱ्याच्या टोकाशी गाठ, तिसऱ्याचा गुणसूत्रबिंदू मध्यभागी न राहता एका बाजूस सरलेला.

हा गुणसूत्रबिंदू म्हणजे काय, ते येथे सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्याच्याभोवती फिरते. एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्र आपली हुबेहूब प्रत तयार करते. मग त्या दोन प्रती बारीक तंतूंनी दोन बाजूंस ओढल्या जातात. हे तंतू गुणसूत्रास वाटेल तेथे धरीत नाहीत. त्यावर चिमटा काढल्यासारखी एक अरुंद जागा असते, तेथेच ते धरतात. तीच जागा गुणसूत्रबिंदू होय. जो तुकडा या बिंदूवाचून राहिला, त्यास ओढणारा कोणी नाही. तो मागे पडतो व नाहीसा होतो.

१९३१ साली मिस मॅक्लिंटॉक यांनी आपली विद्यार्थिनी हॅरिएट क्रेटन हिच्यासह असे सिद्ध केले की जोडीतील दोन गुणसूत्रे प्रत्यक्ष आपले भाग अदलाबदल करितात आणि गुणांची अदलाबदल त्यामुळेच होते. पुढे १९३६ साली मिसुरी विद्यापीठात त्यांस जागा मिळाली. तेथे क्ष-किरणांनी मोडलेल्या गुणसूत्रांचा अभ्यास करिताना त्यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. मोडलेली टोके एकमेकांस चिकटतात आणि दोन बिंदू असलेले एक गुणसूत्र तयार होते. पेशी दुभंगू लागली की एका बिंदूस इकडचे तंतू ओढतात, दुसऱ्यास तिकडचे. आमच्या क्रीडांगणावरील रस्सीखेच डोळ्यांपुढे आणावी. दोर ताणला जातो, दोहों बाजूंस जोडणारा पूल दिसतो, आणि शेवटी तो मध्येच तुटतो. तुटलेली टोके पुन्हा चिकटतात, पुन्हा ओढाताण, पुन्हा मोड. पेशीमागून पेशी हे चक्र चालूच राहते व त्याची खूण मक्याच्या दाण्यावर रंगाच्या ठिपक्यांनी उमटते.

मिसुरीतील जागा स्थिर नव्हती. १९४१ साली ती सोडून त्या न्यूयॉर्कनजीकच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधनसंस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. मक्याची पेरणी स्वतः करावी, कणसांस कागदी पिशव्या बांधून परके पराग टाळावेत, दाणे स्वतः निवडावेत, हा त्यांचा क्रम होता. १९४४ पासून त्या अशाच मोडक्या नवव्या गुणसूत्राच्या रोपांवर काम करीत होत्या. तेव्हा काही रोपांत ते गुणसूत्र ठराविक एकाच ठिकाणी मोडते असे त्यांस आढळले. १९४८ च्या सुमारास त्यांची खात्री झाली की मोड घडविणारा तो घटक आपली जागा बदलतो, आणि तो हलावा म्हणून दुसऱ्या एका घटकाची उपस्थिती लागते. जनुके म्हणजे माळेत ओवलेले अचल मणी, अशी त्या काळची समजूत होती. मणीच उठून दुसरीकडे जाऊन बसतो, हे कोणाच्या सहजासहजी पचनी पडावे?

१९५१ साली विद्वानांच्या परिषदेत त्यांनी हा सिद्धान्त मांडला. श्रोते गोंधळून गप्प राहिले. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर विस्ताराने प्रसिद्ध करणे जवळजवळ सोडले. काम मात्र सोडले नाही. पुष्कळ चरित्रकार या प्रसंगावरून त्यांस उपेक्षित व एकाकी रंगवितात. आमच्या मते ही अर्धीच हकीकत आहे. १९४४ साली त्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभासद झाल्या होत्या व १९४५ साली अमेरिकेच्या आनुवंशशास्त्र-संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. घटक हलतात, हे मक्याच्या इतर अभ्यासकांनी थोड्याच वर्षांत पडताळून पाहिले. जे मान्य झाले नाही ते निराळेच होते : हे घटक इतर जनुकांवर अंमल चालवून वनस्पतीची वाढ नियंत्रित करितात, हे मिस मॅक्लिंटॉक यांचे म्हणणे. त्यांस स्वतःस त्याचेच महत्त्व अधिक वाटे. पुढे जंतूंत व इतर प्राण्यांतही असे फिरते घटक सापडले, तेव्हा सर्वांचे लक्ष मक्याकडे वळले. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही कोणाबरोबर वाटून न घेता. घरी टेलिफोन नसल्याने ही वार्ता त्यांनी रेडिओवरच ऐकली. पारितोषिक फिरत्या घटकांच्या शोधाबद्दल होते. नियंत्रणाच्या सिद्धान्ताबद्दल नव्हते.

१९५७ पासून त्यांनी आणखी एक उद्योग आरंभिला होता. मध्य व दक्षिण अमेरिकेतील मक्याच्या देशी वाणांची गुणसूत्रे तपासून, कोणता वाण कोठून कोठे गेला, याचा त्यांनी माग काढला. तो ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात गुणसूत्रबिंदूविषयी जे कळले, ते त्यांच्याच दोन शोधांची गाठ घालणारे आहे. बिंदूचे काम सर्व धान्यांत एकच, परंतु तेथील रासायनिक रचना गव्हात एक तर मक्यात दुसरी. मक्याच्या दोन वाणांतही बिंदूची जागा थोडी सरकलेली आढळते. या जागेत गर्दी करून बसलेले पुष्कळ घटक जागा पालटणाऱ्यांपैकीच आहेत. मिस मॅक्लिंटॉक यांस सापडलेल्यांहून त्यांची कुळी निराळी. ते स्वतः न उठता आपल्या प्रती दुसरीकडे पाठवितात. रस्सीखेचीचा उलगडाही झाला. दोन बिंदूंच्या गुणसूत्रात एक बिंदू कधीकधी निद्रिस्त होतो, ओढाताण थांबते आणि गुणसूत्र तगते, असे २००६ साली मक्यातच दाखविण्यात आले. मक्याच्या पूर्वजाचा गुणसूत्रसंच लक्षावधी वर्षांपूर्वी दुप्पट झाला होता. वीस जोड्यांच्या पुन्हा दहा होताना दहा बिंदू असेच गमावले गेले.

आमच्या ज्वारीतही अशी घडामोड होऊन गेली आहे. भाताच्या बारा जोड्या, ज्वारीच्या दहा. भातात जे तिसरे व दहावे गुणसूत्र निरनिराळे आहेत, ते ज्वारीच्या पहिल्या गुणसूत्रात एकत्र सापडतात. दहाव्याचा सबंध भाग तिसऱ्याच्या मध्यात, गुणसूत्रबिंदूच्या भागात, शिरून बसला आहे. तशाच रीतीने भातातील नववे सातव्यात शिरून ज्वारीचे दुसरे गुणसूत्र झाले.