एम-थ्रीमध्ये छळणारा फुरिये स्वतः दोनदा तुरुंगात जाऊन आला होता

इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा, केटी कशात लागली? बऱ्याच जणांच्या तोंडून एकच नाव येतं, एम-थ्री. त्यातही फुरिये सिरीज. ए-नॉट काढा, ए-एन काढा, बी-एन काढा, आणि इंटिग्रेशन करताना एक मायनस सुटला की आठ मार्क गेले.

आपल्याकडे वर्गात सगळे त्याला फुरिअर म्हणतात. पण गडी फ्रेंच होता, म्हणून फुरिये. पूर्ण नाव झां-बाप्तिस्त जोसेफ फुरिये.

२१ मार्च १७६८ ला फ्रान्समधल्या ओसेर गावात एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. पोरगं हुशार आहे म्हणून गावातल्या लष्करी शाळेत त्याची सोय झाली. ही शाळा बेनेडिक्टाइन साधू चालवायचे. तिथं त्याला गणिताचं वेड लागलं. लोकांनी फेकलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करून तो रात्री अभ्यास करायचा, असं सांगतात.

त्याला तोफखान्यात जायचं होतं. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये शिंप्याच्या पोराला अधिकारी कोण करणार? मग तो साधू व्हायला मठात गेला. तेवढ्यात १७८९ ची राज्यक्रांती झाली आणि शपथ न घेताच तो मठातून बाहेर पडला.

गावी येऊन तो शिकवू लागला आणि क्रांतीच्या स्थानिक समितीतही सामील झाला. इथंच तो अडकला. दुसऱ्या गावातल्या एका भांडणात त्यानं चुकीच्या गटाची बाजू घेतली आणि १७९४ च्या जुलैमध्ये त्याला आत टाकलं. तेव्हा आत गेलेला माणूस गिलोटिनवर जाण्याची शक्यता भरपूर होती. पण त्याच महिन्याच्या शेवटी रोबेस्पिएरचंच मुंडकं उडालं आणि फुरिये सुटला. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी त्याला परत पकडलं, आणि या वेळचा आरोप होता की हा रोबेस्पिएरचा माणूस!

त्यातूनही तो वाचला आणि पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर निघाला, तेव्हा सोबत शास्त्रज्ञांची फौजही होती. त्यात फुरिये होता. कैरोमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा तो सचिव झाला. १८०१ मध्ये परत आला तेव्हा त्याला फक्त शिकवायचं होतं, पण नेपोलियननं त्याला ग्रनोबलला पाठवलं, इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट म्हणून. आपल्या भाषेत कलेक्टर. तिथं त्यानं दलदली उपसून जमिनी काढल्या, तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम केलं. आणि फायलींतून वेळ मिळेल तसा तो लोखंड तापवत बसायचा.

त्याचा प्रश्न साधा होता. लोखंडी सळई एका ठिकाणी तापवली, तर काही वेळानं तिच्या प्रत्येक बिंदूवर तापमान किती असेल?

त्याच्या लक्षात आलं की तापमान साइन लाटेच्या आकारात पसरलेलं असेल तर गणित सोपं आहे. लाटेचा आकार तसाच राहतो, फक्त उंची कमी होत जाते. तिप्पट दाट लाट असेल तर ती नऊपट वेगानं विरते. मग त्यानं धाडसी दावा केला: तापमान कसंही पसरलेलं असू दे, ते साइन आणि कोसाइनच्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतं. लाटा वेगळ्या करा, प्रत्येकीला तिच्या वेगानं विरू द्या, परत बेरीज करा. झालं उत्तर! ए-एन आणि बी-एन म्हणजे कोणती लाट किती घ्यायची त्याचं माप. हे कुणी वर्गात आधी सांगितलं असतं तर अर्धी धास्ती कमी झाली असती.

१८०७ मध्ये त्यानं हा निबंध पॅरिसला पाठवला. तपासणाऱ्यांत कोण होते? लाग्रांज आणि लाप्लास. हो, तेच. एकाचे मल्टिप्लायर, दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्म. लाग्रांजला हे पटलंच नाही. गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून टोकदार, तुटक आकार कसा तयार होईल? निबंध छापला गेला नाही. १८११ साली उष्णतेवरच स्पर्धा लागली, फुरियेनं ती जिंकली, पण परीक्षकांनी बक्षीस देतानाही सिद्धता कच्ची असल्याचा शेरा मारला. तेव्हाही निबंध छापला नाही.

खरं सांगायचं तर लाग्रांज अगदीच चुकीचा नव्हता. ही बेरीज कधी जुळते आणि कधी नाही, याची पक्की सिद्धता फुरियेकडे नव्हती. ती १८२९ मध्ये डिरिचलेटनं दिली. पेपरात दोन मार्कांना विचारतात त्या डिरिचलेट्स कंडिशन्स याच भांडणातून आल्या.

दरम्यान नेपोलियन पडला आणि फुरियेची कलेक्टरी गेली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीनं त्याला निवडलं, तर राजानं नाव खोडलं. पुढच्या वर्षी परत निवडलं, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. १८२२ मध्ये त्याचं उष्णतेवरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो अकादमीचा स्थायी सचिव झाला. मग पठ्ठ्यानं पहिलं काम काय केलं असेल? अकादमीनं अडवून ठेवलेला १८११ चा निबंध अकादमीच्याच ग्रंथांत छापून आणला.

आज जेपीईजी फोटो, एमपी-थ्री गाणी, एमआरआय आणि तुमच्या मोबाइलचं फोर-जी, फाइव्ह-जी या सगळ्यांत तीच लाटा सुट्या करण्याची युक्ती आहे.

शेवटच्या वर्षांत फुरियेला थंडी अजिबात सोसत नसे. घर तापवलेलं आणि अंगावर कपड्यांचे थर, असा तो राहायचा. १६ मे १८३० ला पॅरिसमध्ये तो गेला. ओसेरमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांसाठी धातू हवा म्हणून तो वितळवला गेला.