फक्त १७ फंक्शनं देऊन शेकडो कॉम्प्युटर जोडणारा गॅरी किल्डॉल

गेवराईतल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर एका कंपनीचा घेतला आणि रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा, तरी त्याचं काही अडत नाही. कारण ट्रॅक्टरच्या मागची जोडणी ठरलेल्या मापाची असते. रोटाव्हेटर बनवणाऱ्याला इंजिनात डोकावायची गरज पडत नाही.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. झेरॉक्सच्या दुकानात जुना प्रिंटर काढून दुसऱ्या कंपनीचा लावला, तरी सातबाऱ्याची प्रिंट निघते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रिंटर यांच्या मधे ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर हे जोडायचं काम करतं.

पण या जोडणीत काय द्यायचं आणि काय नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. छोट्या कॉम्प्युटरच्या जगात सुरुवातीलाच ते ठरवणाऱ्या माणसाचं नाव, गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची शाळा होती, जहाजं कशी हाकायची हे शिकवणारी. गॅरीनेही काही काळ तिथे शिकवलं. पुढे तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि कॉम्प्युटरच्या नादाला लागला. नंतर नौदलाच्या मॉन्टेरे इथल्या संस्थेत तो प्राध्यापक झाला.

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. गॅरीने त्यावर प्रयोग सुरू केले आणि इंटेलसाठी पीएल/एम ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली.

त्याच्याकडे एक फ्लॉपी ड्राइव्ह आला होता, पण तो चिपला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. १९७४ मध्ये जॉन टोरोडे या मित्राने ते बनवून दिलं आणि गॅरीची ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली. तिचं नाव सीपी/एम. पत्नी डोरोथीला सोबत घेऊन त्याने कंपनी काढली, तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

खरी डोकेदुखी इथून पुढे होती. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. नवीन गिऱ्हाईक आलं की गॅरीला सगळ्या सिस्टिममध्ये हात घालावा लागायचा. इमसाई कंपनीला सीपी/एम हवी होती, तेव्हा त्याने एकदाच काय तो निकाल लावला. हार्डवेअरशी बोलणारा भाग त्याने वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं, बायोस.

आता प्रश्न होता, बायोसमध्ये ठेवायचं काय ?

गॅरीने यादी अगदी छोटी ठेवली. कळ दाबली गेली का ते बघ, अक्षर वाच, अक्षर स्क्रीनवर पाठव, प्रिंटरला पाठव, डिस्क निवड, ट्रॅक निवड, सेक्टर निवड, वाच, लिही. १९७९ च्या सीपी/एम २.२ मध्ये अशी मोजून १७ फंक्शनं होती.

फाईलचं नाव, फाईल डिस्कवर कुठे आहे, या भानगडी त्याने बायोसमध्ये घातल्याच नाहीत. त्या वरच्या भागात ठेवल्या, जो सगळ्या मशीनवर सारखाच राहायचा. त्यामुळे मशीन बनवणाऱ्या कंपनीला तेवढी १७ कामं लिहून दिली की झालं. बघता बघता शेकडो प्रकारच्या मशीनवर सीपी/एम चालू लागली.

पण यादी छोटी ठेवण्याची किंमतही मोजावी लागली. बायोसला अक्षर पाठवता यायचं, पण कर्सर अमुक ओळीवर न्या किंवा स्क्रीन पुसा, यासाठी फंक्शनच नव्हतं. प्रत्येक टर्मिनलचे त्यासाठीचे कोड वेगळे. म्हणून वर्डस्टारसारखा प्रोग्राम घेतला की आधी आपला टर्मिनल कोणता ते त्याला सांगून सेटिंग करावं लागायचं. म्हणजे जे काम यादीत नव्हतं, ते प्रत्येक प्रोग्रामवाल्याच्या गळ्यात पडलं.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टिमच्या शोधात गॅरीच्या दारात आली. त्या दिवशी तो विमान उडवत मजा मारत होता, असा किस्सा सांगितला जातो, पण तो कामासाठीच बाहेर गेला होता. बोलणी फिसकटली आणि काम मायक्रोसॉफ्टकडे गेलं. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून सिस्टिम विकत घेतली. प्रोग्राम वापरतात ती तिची फंक्शनं सीपी/एमच्याच धर्तीवर होती, म्हणजे जुने प्रोग्राम तिच्यावर आणणं सोपं जावं.

गॅरीने हरकत घेतल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली. पण त्यांची स्वतःची डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल, हे सांगायला नको.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीला विकली गेली. ११ जुलै १९९४ ला, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, गॅरी गेला.

२०१४ मध्ये त्याच्या जुन्या ऑफिसबाहेर सीपी/एमच्या सन्मानाची पाटी बसली. आजही कॉम्प्युटर अडला की रिपेअरवाला बायोसमध्ये जाऊन बघतो. तो शब्द गॅरीचा आहे. आणि ड्रायव्हरसाठी कोणती फंक्शनं द्यायची, कोणती नाही, हा त्याच्यासमोरचा प्रश्न आजही प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यासमोर असतो. जास्त दिली तर हार्डवेअरवाल्याचं काम वाढतं, कमी दिली तर प्रोग्रामवाल्याचं.